डीप पर्पल : वारसा चार वर्षांचा की छप्पन्न वर्षांचा?

जुनी कॅसेट (धागाकर्ता) :

जुलै २०२४ मध्ये डीप पर्पल या १९६८ पासूनच्या ब्रिटिश रॉक बँडचा तेविसावा स्टुडिओ अल्बम आला आणि जुन्या चाहत्यांच्या बोलण्यात ठरलेला निवाडा पुन्हा ऐकू येऊ लागला : या बँडचा खरा काळ १९७० ते १९७३ एवढाच, 'इन रॉक'पासून 'मेड इन जपान'पर्यंत, आणि पुढचे सगळे म्हणजे नावाच्या पुण्याईवर चाललेला संसार. मीही अनेक वर्षे हेच म्हणत आलो. गेल्या वर्षभरात त्यांचे अल्बम पहिल्यापासून क्रमाने ऐकले आणि माझे मत बदलले. ते का बदलले, हे सविस्तर मांडतो.

आपण हा बँड 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याच्या सुरुवातीच्या सुरावटीने मोजतो. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कसिनोला आग लागली, जिनिव्हा सरोवरावर धूर पसरला, आणि तिथेच अल्बम ध्वनिमुद्रित करण्यासाठी आलेल्या या पाच जणांना आपले बिऱ्हाड शेवटी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात हलवावे लागले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या सुरावटीचा भारदस्तपणा मात्र एकट्या गिटारचा नाही, हे आपण विसरतो. गिटारवादक रिची ब्लॅकमोर दोन दोन तारा एकदम बोटांनी छेडतो, आणि थोड्याच वेळात जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन तीच सुरावट उचलतो. हॅमंडसाठी बहुतेक वादक लेस्ली हा आत फिरता भोंगा असलेला स्पीकर वापरत. लॉर्डने आपला ऑर्गन गिटारवादकांच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवला आणि त्याला असा खरखरीत, करवतीसारखा आवाज दिला की कोणता सूर कोणाचा हे कित्येकदा सांगता येत नाही. माझ्या दृष्टीने या बँडचा गाभा इथे आहे : दोन समर्थ वाद्ये एकमेकांना ऐकत, अडवत, वाट करून देत पुढे जातात.

ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियो येथे झालेल्या तीन मैफलींतून निवडलेला 'मेड इन जपान' ऐकताना हे स्पष्ट होते. स्टुडिओत साडेचार मिनिटांचे असलेले 'स्पेस ट्रकिन' तिथे जवळजवळ वीस मिनिटे चालते, कारण गाणे हा त्यांच्यासाठी बंदिशीसारखा केवळ आधार होता. आता प्रश्न असा की ही ऐकण्याची आणि उत्तर देण्याची रीत १९७३ मध्ये, गायक इयन गिलन आणि बेसवादक रॉजर ग्लोव्हर बाहेर पडल्यावर, संपली का? १९९३ मध्ये ब्लॅकमोर कायमचा गेल्यावर संपली का? माझे उत्तर नाही असे आहे. १९९६ चा 'पर्पेंडिक्युलर' हा नवा गिटारवादक स्टीव्ह मोर्सबरोबरचा पहिला अल्बम ऐका. मोर्स ब्लॅकमोरची नक्कल करत नाही. त्याची बोटे वेगळी, त्याचे विचार वेगळे, तरीही लॉर्डशी होणारा त्याचा सवाल-जवाब त्याच घराण्यातला वाटतो. ब्लॅकमोर दोन खेपांत मिळून साधारण सोळा वर्षे या बँडमध्ये होता, तर मोर्स १९९४ ते २०२२ अशी अठ्ठावीस वर्षे. अठ्ठावीस वर्षांच्या कामाला पुरवणी म्हणून बाजूला ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

सहा तारा :

आपली मांडणी मनापासून आवडली, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि आपण 'घराणे' हा शब्द वापरला म्हणून तिथूनच सुरुवात करतो. घराण्यात विद्या गुरूकडून शिष्याकडे जाते. मोर्स हा डिक्सी ड्रेग्ज आणि कॅन्सस या अमेरिकन बँडमधून घडून आलेला वादक होता आणि ब्लॅकमोरने त्याला काहीही शिकवले नाही. एकाच्या रिकाम्या जागेवर दुसरा येऊन बसला, याला परंपरा म्हणत नाहीत.

वर्षे मोजून वारसा ठरत नाही, हा माझा दुसरा मुद्दा. सप्टेंबर १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डची 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' ही रचना रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर सादर झाली. तिने बँडचे नाव सर्वत्र झाले, आणि हा बँड त्याच वाटेने जाणार असे दिसू लागले. तेव्हा आता एक कठोर, वेगवान रॉक अल्बम करायचा असा आग्रह धरणारा माणूस ब्लॅकमोर होता, आणि त्या आग्रहातून 'इन रॉक' जन्मला. त्याच्या स्वभावामुळे बँडमध्ये सतत ताण राहिला हे खरे आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये हेलसिंकीच्या कार्यक्रमानंतर तो दौरा अर्ध्यावर सोडून गेला, हेही खरे आहे. परंतु त्या संगीतातली धारही त्याच ताणातून आली होती. मोर्सच्या काळात सगळे एकमेकांशी सौजन्याने वागू लागले, आणि ते सौजन्य मला वादनातही ऐकू येते. उत्तम वादन आहे, सफाई आहे, मात्र पुढच्या क्षणी काही मोडेल की काय अशी धाकधूक नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. २०१७ मध्ये त्यांनी दौऱ्याला 'द लाँग गुडबाय' असे नाव दिले. श्रोत्यांनी निरोपाच्या भावनेने तिकिटे काढली, आणि त्यानंतर तीन अल्बम आले. त्या मैफलींत सर्वाधिक दाद कोणत्या गाण्यांना मिळते, हे आपण सर्व जाणतो : 'हायवे स्टार', 'लेझी', 'स्पेस ट्रकिन', 'स्मोक ऑन द वॉटर'. चारही गाणी १९७२ च्या 'मशीन हेड' या एकाच अल्बममधली आहेत. श्रोते आपला निर्णय टाळ्यांनी देत आले आहेत.

तबलजी :

दोघांच्याही बोलण्यात गिटार आणि ऑर्गन आहेत. १९६८ पासून आजपर्यंत प्रत्येक अल्बमवर असलेला एकमेव माणूस दोघांनीही गाळला. ड्रमवादक इयन पेस नसता तर या वादातली कोणतीच बाजू उभी राहिली नसती.

मी स्वतः तबला वाजवतो, त्यामुळे माझे कान आधी तिकडे जातात. पेस जीन क्रुपा आणि बडी रिच या जॅझ ड्रमवादकांना ऐकत वाढला, आणि म्हणून त्या काळातल्या इतर हार्ड रॉक ड्रमवादकांसारखा तो नुसता ठोकत नाही. त्याच्या ठेक्यात जॅझचा झोका आहे. मात्रा किंचित मागे ओढून तो गाण्याला डोलायला लावतो. १९७४ च्या 'बर्न' या अल्बमच्या शीर्षकगीतात तो मधल्या जागा ड्रमच्या बोलांनी जवळजवळ अखंड भरत राहतो, तरी गायकाच्या आड येत नाही, आणि ही तोल सांभाळण्याची करामत साथसंगत करणाऱ्यालाच पुरती कळेल. २०१६ मध्ये त्याला सौम्य पक्षाघाताचा झटका आला आणि काही आठवड्यांत तो पुन्हा मंचावर बसला. 'सहा तारा' यांना सातत्य कुठे दिसत नसेल, तर त्यांनी एकदा गिटार बाजूला ठेवून केवळ ड्रम ऐकावेत. बदलती माणसे एका बँडची वाटतात, ती त्या ठेक्यामुळे.

मार्क तीन :

'चार वर्षे की छप्पन्न' या मांडणीत १९७४ आणि १९७५ ही वर्षे चिरडली जात आहेत. गिलन गेल्यावर इंग्लंडमधील रेडकार या किनारपट्टीवरच्या गावात कपड्यांच्या दुकानात काम करणारा डेव्हिड कव्हरडेल हा अनोळखी तरुण गायक म्हणून निवडला गेला, आणि त्याच्या जोडीला ट्रॅपीझ या बँडमधला ग्लेन ह्यूज बेस वाजवायला आणि गायलाही आला. दोन गायकांच्या आवाजांनी या संगीतात सोल आणि फंक आणले. ब्लॅकमोरला ते रुचले नाही आणि १९७५ मध्ये तो बाहेर पडला, पण त्याला न रुचणे हा त्या संगीताचा दोष ठरत नाही. त्याच्या जागी आलेल्या गिटारवादक टॉमी बोलिनबरोबरचा 'कम टेस्ट द बँड' हा तर माझ्या मते त्यांचा सर्वांत दुर्लक्षित अल्बम आहे. गिलन परतल्यापासून बँडने या काळातली गाणी मंचावरून जवळजवळ हद्दपार केली. स्वतःच्या इतिहासाचा एक भाग बँडच दडवत असेल, तर छप्पन्न वर्षांचा अभिमान कोणत्या तोंडाने सांगायचा?

परदेशस्थ :

मला एका वेगळ्या बाजूने शंका आहे. 'चाइल्ड इन टाइम' हे त्यांचे सर्वांत भव्य गाणे मानले जाते. त्याची मूळ ऑर्गनची सुरावट सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या, १९६९ मध्ये आलेल्या 'बॉम्बे कॉलिंग' या वाद्यरचनेवरून घेतलेली आहे. आपल्या मुंबईचे नाव असलेली धून जगभर पोहोचली ती दुसऱ्याच नावाने, आणि मूळ रचनाकार बहुतेकांना ठाऊकही नाहीत. 'ब्लॅक नाइट'ची सुरावटही रिकी नेल्सनच्या 'समरटाइम'मधून उचललेली आहे. ज्यांच्या मोठेपणावर आपण इतके बोलतो, त्यांच्या हिशेबात ही उधारी मांडायला नको का?

जुनी कॅसेट :

'परदेशस्थ' यांचा मुद्दा रास्त आहे आणि श्रेय छापील स्वरूपात दिले गेले पाहिजे होते, असे मलाही वाटते. मात्र गिलनने हे उघडपणे मान्य केलेले आहे, आणि 'इट्स अ ब्यूटिफुल डे'नेही पुढे पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'चा आधार आपल्या एका रचनेसाठी घेतला. दोन्ही धुना पाठोपाठ ऐकल्या की दिसते की 'बॉम्बे कॉलिंग'चा वेग नाचरा आहे. पर्पलने तीच सुरावट संथ केली आणि गिलनच्या आवाजाला हळूहळू किंकाळीपर्यंत चढण्याची जागा करून दिली. सुरावट उसनी आहे, चढण त्यांची आहे.

'मार्क तीन' यांच्यापुढे मी हात जोडतो. छप्पन्न वर्षे म्हणताना ती दोन वर्षे मीच घाईने ओलांडली. २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बँडला स्थान दिले, तेव्हा कव्हरडेल आणि ह्यूज यांची नावे यादीत होती. पहिला बेसवादक निक सिंपर, बोलिन, आणि त्या वेळी दोन तपांहून थोडी कमी वर्षे वाजवत असलेला मोर्स यांची नव्हती. कोणाला वगळले यावरून त्या संस्थेने वारसा किती अरुंद मोजला ते दिसते.

सहा तारा :

त्या यादीबद्दल माझेही मत आपल्यासारखेच आहे. परंतु नावाच्या प्रश्नाला आपण उत्तर दिलेले नाही. १९८० मध्ये पहिला गायक रॉड इव्हान्स इतर अनोळखी वादकांना घेऊन 'डीप पर्पल' या नावाने अमेरिकेत आणि मेक्सिकोत कार्यक्रम करू लागला. श्रोते संतापले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि इव्हान्सला जबर नुकसानभरपाई द्यावी लागली. तेव्हा सर्वांना मान्य होते की नाव पुरेसे नाही, माणसे हवीत. मग किती माणसे बदलली की नाव रिकामे होते? २०२२ पासून गिटारवर बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आहे, आणि लॉर्ड २००२ मध्ये निवृत्त होऊन २०१२ मध्ये गेलाही.

जुनी कॅसेट :

किती माणसे, याचे आकड्यात उत्तर माझ्याजवळ नाही. एक प्रसंग मात्र सांगतो, कारण माझे मत बदलले ते त्यामुळे. १९६९ च्या त्या कॉन्चेर्टोची हस्तलिखित स्वरलिपी १९७० मध्ये हरवली. लॉर्डकडेही प्रत नव्हती. पुढे एका डच संगीतकाराने जुने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून संपूर्ण ऑर्केस्ट्राची स्वरलिपी नव्याने लिहून काढली आणि ती लॉर्डच्या हाती दिली. सप्टेंबर १९९९ मध्ये, बरोबर तीस वर्षांनी, ती रचना त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर पुन्हा वाजली. ब्लॅकमोरला नकोसे वाटलेले ते संगीत त्या रात्री मोर्सने वाजवले, आणि लॉर्ड ऑर्गनवरून त्याच्याकडे पाहत होता. तो कार्यक्रम चित्रित झालेला आहे. आपण तो पाहावा एवढीच विनंती.

सहा तारा :

पाहिला आहे, आज पुन्हा पाहिला. मोर्सचे वादन त्यात सुंदर आहे, आणि 'धार नाही' हे माझे विधान त्या रात्रीपुरते मी मागे घेतो. तरीही १९६९ च्या चित्रणात ब्लॅकमोर ऑर्केस्ट्रा थांबल्यावर ज्या बेदरकारपणे एकटा सुटतो, तसे १९९९ मध्ये कोणी सुटत नाही, आणि मला हा बँड प्रथम आवडला तो त्या सुटण्यासाठी.