मदत हवी आहे: मलेरिया कधीच न झालेल्याच्या टी पेशी पेशंटपेक्षा जास्त उसळताहेत

ऑरेंजसिटी: परवा गाईडना स्लाइड दाखवायच्यात, लवकर सांगा. गडचिरोलीच्या मलेरिया पेशंटच्या पीबीएमसीवर (रक्तातून वेगळ्या काढलेल्या, टी पेशी असलेल्या पांढऱ्या पेशी) बाधित तांबड्या पेशी घालून रात्रभर ठेवल्या, चेतलेल्या टी पेशी सोडतात तो इंटरफेरॉन गॅमा मोजला. पेशंट मरगळलेले! आणि लॅबमधला पुण्याचा मुलगा, ज्याला जन्मात मलेरिया नाही, त्याचा सिग्नल दणदणीत. उलटं व्हायला हवं ना? गूगल करा सांगू नका, केलंय.

पेशीवाला: फॅल्सिपेरम की व्हायवॅक्स? गेट कशावर, म्हणजे मोजायच्या पेशी कोणत्या खुणेवरून निवडल्या? साध्या तांबड्या पेशींचा कंट्रोल?

ऑरेंजसिटी: फॅल्सिपेरम, अर्थात. सीडी३ वर, टी पेशींची ती खूण. कंट्रोल स्वच्छ आहे.

पेशीवाला: मग सीडी३ मध्ये गॅमा-डेल्टा पेशीही (टी पेशींचाच वेगळा गट) मोजल्या गेल्या. त्यातल्या व्हीडेल्टा२ परजीवीचे फॉस्फोअँटिजेन (फॉस्फेट असलेले छोटे रेणू) ओळखतात, त्यासाठी आधी मलेरिया व्हावा लागत नाही. युगांडातल्या टोरोरोच्या मुलांवरचं २०१४ चं काम वाचा. वारंवार मलेरिया झालेल्यांत या पेशी घटतात, उरलेल्या थंडावतात. गंमत म्हणजे अशाच मुलांत अंगात परजीवी असून ताप नाही, हे जास्त दिसतं.

रानवारा: मला गोव्यात झाला होता. पपईच्या पानांचा रस घ्या, उतारा पडतो.

मुक्ताई: अहो, तो डेंगीवाल्यांचा उद्योग. आणि पेशंटबद्दल विचारलंय कुणी?

जुना_टेक्निशियन: पेशीवाले, जरा दमानं. ताई, रक्त कधी काढलं? ऐन तापात फॅल्सिपेरमच्या पेशंटच्या रक्तातल्या टी पेशी घटतात, औषधानंतर परत दिसू लागतात.

पेशीवाला: संख्या घटते हो, पण वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) पेशी मोजूनच घालतात ना.

जुना_टेक्निशियन: मोजून घातल्या तरी ज्या रक्तातून निघून गेल्या त्या कुठून आणणार? मागे राहिलेल्यांचंच मोजमाप होतं.

ऑरेंजसिटी: तापाच्या दिवशीच काढलं. रात्रीच्या एसटीने बर्फातून नागपूरला आलं. कंट्रोलचं, म्हणजे पुण्याच्या मुलाचं, इथेच काढून लगेच लावलं. याचा काय संबंध?

जुना_टेक्निशियन: बर्फात?? पीबीएमसीचं रक्त खोलीच्या तापमानालाच आणायचं. रात्रभर गारठलेलं रक्त आणि ताजं रक्त शेजारी ठेवून तुलना कसली करता! कंट्रोलचं रक्तही तसंच रात्रभर ठेवून बघा, बर्फाशिवाय.

सदाशिव७१: सीरमची आर२१ लस आपल्याकडे कधी मिळणार? डब्ल्यूएचओने २०२३ मध्येच शिफारस केली ना?

मुक्ताई: काका, त्याला वेगळा धागा काढा.

पेशीवाला: वाहतुकीचं मान्य. तरी सीडी४ (मदतनीस टी पेशी) वेगळ्या काढा आणि सोबत आयएल-१० (दाह आवरणारा संदेश-रेणू) बघा. टोरोरोच्याच मुलांत इंटरफेरॉन गॅमा आणि आयएल-१० दोन्ही सोडणाऱ्या सीडी४ पेशी भरपूर सापडल्यात. नुसता इंटरफेरॉन कमी म्हणजे टी पेशींना मलेरियाची स्मृती नाही, असं स्लाइडवर लिहू नका. व्हीडेल्टा२ पेशी रंगवून ओळखणारी अँटिबॉडी आहे का पॅनेलमध्ये?

ऑरेंजसिटी: नाही. सीडी४ आणि सीडी८ (मारक टी पेशींची खूण) च्या आहेत. सीडी३ मधून ते दोन्ही वजा केले तर चालेल?

पेशीवाला: ढोबळ अंदाज येईल. पण उरलेल्यांत इतरही पेशी असतात आणि काही गॅमा-डेल्टा सीडी८ सोबत निघून जातात. अँटिबॉडी मागवाच.

ऑरेंजसिटी: परवापर्यंत?