महापरिनिर्वाणाचं साल नक्की कोणतं? ५४४, ४८६ की ४००?

कालरेषा:
बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं साल कुठे इ.स.पू. ५४४, कुठे ४८६ किंवा ४८३, तर हल्लीच्या लिखाणात थेट ४०० च्या आसपास दिसतं. एवढी तफावत कशी? शाळेच्या तक्त्यावर काय लिहावं?

लेणीवाचक:
हिशोब अशोकापासून मागे करतात, कारण पक्कं टोक तेवढंच हाती आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखाच्या शाहबाजगढीच्या (आजच्या पाकिस्तानातल्या) पाठात पाच ग्रीक राजे नावानिशी येतात: अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मक, अलिकसुदर. त्यातला मक म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या सायरीन या ग्रीक राज्याचा मगस, तो इ.स.पू. २५० च्या सुमारास वारला. पाचही जण एकाच वेळी गादीवर असल्याचा काळ फार थोडा. त्यावरून अशोकाचा अभिषेक २६८ च्या आसपास धरतात, दोन-चार वर्षं इकडेतिकडे.

आता मागे किती जायचं? महापरिनिर्वाणापासून अशोकाच्या अभिषेकापर्यंत श्रीलंकेचे पाली इतिहासग्रंथ दीपवंस आणि महावंस सांगतात २१८ वर्षं, म्हणजे ४८६. उत्तरेकडचे संस्कृत ग्रंथ सांगतात शंभर, म्हणजे ३६८.

लंकेच्या परंपरेतलं ५४४ मात्र टिकत नाही. त्यातून २१८ वजा केले की अशोकाचा अभिषेक ३२६ मध्ये येतो. त्या वर्षी अलेक्झांडर पंजाबात होता आणि अशोकाचा आजोबा चंद्रगुप्तही अजून गादीवर आला नव्हता. लंकेच्या कालगणनेत साठेक वर्षं जादा शिरली आहेत.

विनयधर:
२१८ सुद्धा डोळे झाकून घेऊ नका. बुद्धाचा शिष्य उपाली याच्यापासून अशोकाच्या काळातल्या मोग्गलिपुत्त तिस्सापर्यंत विनयाची (भिक्खूंच्या नियमांची) परंपरा सांभाळणारे थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, पाचच. प्रत्येकाच्या वाट्याला चाळिसाहून जास्त वर्षं येतात, हे पटत नाही. शंभर हा आकडाही ठोकळच. म्हणून बौद्ध धर्माचे ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड गॉम्ब्रिच यांनी थेरांच्या वयांवरून गणित मांडून ४०४ च्या सुमाराचं साल काढलं. १९८८ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनला याच प्रश्नावर परिषद झाली, तेव्हापासून अनेक अभ्यासकांचा कल ४०० च्या आसपासकडे आहे.

कालरेषा:
मग बुद्धाच्या जन्मस्थानी, लुंबिनीच्या उत्खननात इ.स.पू. सहाव्या शतकातलं लाकडी बांधकाम सापडलं, त्याचं काय?

लेणीवाचक:
कोळशाच्या कार्बन चाचणीतून बांधकामाचं वय कळतं, ते कुणाचं होतं हे नाही. बौद्धांच्या आधीचं वृक्षपूजेचं ठिकाणही असू शकतं. तिथला अशोकस्तंभ मात्र स्पष्ट बोलतो: अभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः आला, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. जागेला पुरावा आहे, सालाला नाही.

तक्त्यावर ‘इ.स.पू. सुमारे ४००’ लिहा आणि खाली ‘जुना अंदाज ४८६’. ५४४ वेगळ्या रंगात ‘बौद्ध परंपरेचं साल’ म्हणून द्याच, गाळू नका. १९५६ ची २५०० वी बुद्धजयंती त्याच हिशोबाने साजरी झाली आणि बाबासाहेबांची नागपूरची धम्मदीक्षाही त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला झाली.