निवारा केंद्रात 400 माणसांच्या पाण्याची आणि संडासाची सोय कशी लावायची?

कृष्णाकाठ_पलूस
मंडळी, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला लागलं की आमच्या नदीकाठची कुटुंबं उंचावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हलवायचं ठरलंय. अंदाजे 400 माणसं, आठवडाभर. जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) बुडली की नळयोजना बंद, मग भिस्त 10,000 लिटरच्या टँकरवर. शाळेला चार संडास, एक सेप्टिक टँक. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची? मागच्या पटांगणात खड्डे खणून जादा संडास करावेत असं काहीजण म्हणतात, ते चालेल का?

पाणीपुरवठा_मिरज
पिणं, स्वयंपाक, अंघोळ मिळून माणशी रोज किमान 15 लिटर धरा, म्हणजे 6,000. संडासात ओतायचं पाणी वेगळं. रस्ता बुडाला की टँकरची खेप चुकणारच, म्हणून शाळेत एक दिवसाचा साठा हवाच: 5,000 च्या दोन सिंटेक्स. भरलेली टाकी पाच टनांची होते. ओल्या काळ्या मातीत नुसत्या विटा रचून ठेवली तर एका बाजूने खचते आणि पाइपचा जोड तुटतो. पक्का ओटा बघा.

ताजी, 33 टक्के क्लोरीनची टीसीएल 1,000 लिटरला 5 ग्रॅम, टँकरला 50. पावसाळ्यात तोंड उघडं राहिलेलं पोतं उतरतं. पावडर 25 टक्क्यांवर आली असेल तर 66 ग्रॅम लागते, 20 च्या खालची वापरूच नका. बादलीत कालवून चुना तळाला बसू द्या आणि वरची निवळी टँकर अर्धा भरल्यावर ओता, वाटेत हिंदकळून नीट मिसळते. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करा, म्हणजे नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन मोजा. पुराच्या दिवसांत तोटीला लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन दिसायला हवं. पिवळा रंग लगेच वाचा. पाच मिनिटं थांबलात तर अमोनियाशी बांधलेलं क्लोरीनही रंग देतं आणि पाणी आहे त्याहून सुरक्षित वाटतं.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम तुरटी विरघळवा. दहा-दहा लिटरच्या तीन बादल्यांत त्यातलं 20, 40, 60 मिली घालून ढवळा. ज्या कमीत कमी मात्रेत पाणी निवळेल ती घ्या. 40 ला निवळलं तर 1,000 लिटरला 40 ग्रॅम तुरटी.

आरोग्यसेविका_वाळवा
दादा, खड्डे अजिबात नकोत. खड्ड्याचा तळ भूजलाच्या निदान दीड मीटर वर हवा आणि पुरात नदीकाठी तेवढं अंतर मिळत नाही. खड्डा खालूनच भरतो आणि मैला पटांगणभर पसरतो.

जमीन साथ देत नसेल तर काय होतं ते काँगोतल्या (तेव्हाच्या झैरेतल्या) गोमा शहरानं दाखवलंय. 1994 साली रवांडातून पळालेली लाखो माणसं तिथं आली. लाव्ह्याच्या कातळात खड्डे खणता येईनात, किवू सरोवराचं पाणी तसंच प्यायलं गेलं. पहिल्या महिन्यात सुमारे 50,000 माणसं दगावली, बहुतेक पटकी आणि हगवणीनं. त्या अनुभवानंतर 1997 मध्ये मदतकार्याची किमान मानकं ठरवणारा स्फिअर प्रकल्प सुरू झाला. वरचा 15 लिटरचा आकडा त्याच मानकांतला.

सुरुवातीला 50 माणसांना एक संडास, म्हणजे तुम्हाला आठ. चार फिरते शौचालय आत्ताच तालुक्याला मागा. सहा बायकांना, दोन पुरुषांना, शिवाय पुरुषांना वेगळी मुतारी. आतून कडी आणि रात्री उजेड नसेल तर बायका पाणी पिणंच कमी करतात. पॅडसाठी झाकणाची बादली आतच ठेवा.

सेप्टिक टँककडे दुर्लक्ष नको. जमीन तुडुंब असली की शोषखड्डा पाणी घेत नाही. माणशी 10 लिटर धरले तरी रोज 4,000 लिटर जमतं, टाकी 9,000 लिटरची असली तरी दोन दिवसांत भरते. मैला उपसणारी गाडी एक दिवसाआड ठरवून ठेवा. टाकी प्लास्टिकची असेल तर पूर्ण रिकामी करू देऊ नका, खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलली जाते.

कृष्णाकाठ_पलूस
खड्डे रद्द. ताई, तोटीला क्लोरीन ठीक असलं म्हणजे झालं ना?

आरोग्यसेविका_वाळवा
नाही, खोलीतल्या घागरीतही तपासा. तांब्या बुडवला, बोटं लागली की तिथंच पाणी बिघडतं. प्रत्येक कुटुंबाला झाकणाची घागर आणि लांब दांड्याचं ओगराळं द्या. साबण संडासाच्या दारातच टांगा.

गोठा_शिराळा
जनावरं येणारच, ती धरा हिशेबात. मोठ्या जनावराला रोज 30 ते 50 लिटर. त्यांना टीसीएलचं पाणी लागत नाही, पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात धरा. दावण टाक्यांपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला.