मदत हवी आहे: चार सीडींचा एकच अल्बम कसा ठेवायचा?

नाट्यसंगीताचा चार सीडींचा संच फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) रिप केलाय, म्हणजे सीडीवरून फाइलींत उतरवलाय, एकूण ४८ पदं. टॅगमध्ये (फाइलीतच साठवलेली गाण्याची माहिती) चारही सीडींचं अल्बमचं नाव एकच, अल्बम आर्टिस्ट ‘विविध कलाकार’, डिस्क नंबर १ ते ४ भरलाय. तिसरी सीडी आधी वेगळीच दिसायची. नावाच्या शेवटी एक स्पेस राहिली होती (दोन तास गेले त्यात!), ती काढली. आता फोनवर सगळं नीट लागतं. पण गाडीतल्या स्टिरिओला पेन ड्राइव्ह लावला की चारही सीडींची पहिली पदं आधी, मग दुसरी. बहुतेक डिस्क नंबर तो वाचतच नाही. ट्रॅकना सलग १ ते ४८ नंबर द्यायचे नाहीत, सोबतच्या पुस्तिकेशी मेळ तुटतो. फोल्डर एकच ठेवून फाइलींना १-०१, २-०१ अशी नावं दिली तर चालेल, की प्रत्येक सीडीला वेगळा फोल्डरच हवा?