मदत हवी आहे: ४७ दिवसांच्या व्हेनामी कोळंबीत पांढरे ठिपके, तलावाचं पाणी खाडीत सोडू की कोंडून ठेवू?

खारकाठ

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, चूकभूल समजून घ्या.

रायगड जिल्ह्यात खाडीलगत माझे दोन तलाव आहेत. प्रत्येकी अर्धा हेक्टर, सव्वा मीटर पाणी. दोन्हीत व्हेनामी, आज ४७वा दिवस. गेल्या आठवड्यात चार दिवस पाऊस लागून राहिला. खारटपणा २२ पीपीटीवरून (हजार भागांत मीठ किती) ११ वर आला, पाण्याचं तापमान ३१ अंशांवरून २६ वर. परवा सकाळी एक नंबरच्या चेक ट्रेमध्ये (कोळंबी खाते का ते बघायची ताटली) खाद्य तसंच पडलेलं. संध्याकाळी कोळंबी बांधाच्या कडेला येऊन मंद फिरत होती, पाण्यात हात घातला तरी उडाली नाही. काल सकाळी कोपऱ्यात चाळीसेक मेलेली दिसली. आज मोजणं सोडून दिलं.

एकीच्या डोक्यावरचं कवच नखाने उचललं तर अलगद निघून आलं, एरवी ते घट्ट बसलेलं असतं. उजेडासमोर धरलं तर आतून मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. घासले तरी जात नाहीत. काहींचं अंग लालसर झालंय. दोन नंबरचा तलाव मात्र अजून नीट खातोय.

औषधविक्रेता म्हणतो, अँटिबायोटिक खाद्यात मिसळा, पाच दिवसांत थांबेल. गडी म्हणतो, ओहोटीला उघाडी (तलावाचं पाणी सोडायचं दार) उघडून तलाव मोकळा करा आणि नवीन बी (कोळंबीची पिल्लं) सोडा. पण माझ्या पलीकडे चौघांचे तलाव आहेत, तेही याच खाडीतून पाणी ओढतात. त्यातल्या एकाने घरातलं सोनं गहाण टाकून बी सोडलंय. उघाडीला हात लावायची हिंमत होत नाही. आणि बियाण्याची रोगासाठीची पीसीआर चाचणी तर निगेटिव्ह होती, मग हे आलं कुठून? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

जुना_तलाव

दादा, आधी एक करा: उघाडी उघडू नका. बाकी सगळं नंतर.

तुम्ही लिहिलंय ते वाचून व्हाइट स्पॉट हा विषाणूचा रोगच वाटतो. १९९४-९५ मध्ये पूर्व किनाऱ्यावर हा रोग आला तेव्हा मी आंध्रात नेल्लोरकडे कामाला होतो. तेव्हा टायगर कोळंबी होती. एकाचा तलाव पडला की तो रातोरात पाणी खाडीत सोडायचा, आणि पहाटेच्या भरतीला शेजारी तेच पाणी पंपाने आत घ्यायचा. आठ-दहा दिवसांत अख्खा काठ रिकामा झालेला मी पाहिलाय. तुम्ही शेजाऱ्यांचा विचार करताय, याचं फार बरं वाटलं.

अँटिबायोटिकवर एक रुपयाही घालू नका. ती जिवाणूंवर चालतात, हा विषाणू आहे. यावर औषध जगात कुठेही नाही. लागण पसरली की तीन ते दहा दिवसांत तलाव जवळजवळ पूर्ण जातो. वर त्या औषधांचे अंश मालात सापडले तर निर्यातीत अख्खी खेप परत येते. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानवर तर बंदीच आहे.

एका किलोत १६०-१७० कोळंबी बसत असेल. घेणारा मिळाला तर पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून किंवा जाळं ओढून काढा, पाणी न सोडता. हा विषाणू माणसाला होत नाही, शिजवून खायला अडचण नाही. फक्त धुतलेलं पाणी आणि सोललेली टरफलं खाडीत जाऊ देऊ नका. मेलेली गोळा करून चुना टाकून खोल पुरा, नाहीतर कावळे-बगळे ती उचलून शेजारच्या तलावात टाकतात.

मग पाणी निर्जंतुक करायला ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला ६० ग्रॅम धरा. तुमच्या तलावात साधारण साडेबासष्ट लाख लिटर पाणी आहे, म्हणजे ३७५ किलो, २५ किलोच्या पंधरा गोणी. खर्च जिवावर येतो, पण यात हात आखडू नका. तळाचा गाळ क्लोरीन खातो, म्हणून प्रमाण मत्स्यव्यवसाय विभागाच्या माणसाला विचारून पक्कं करा, वाढवायला सांगतील कदाचित. ऊन उतरल्यावर टाका, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवा, आणि निदान आठवडाभर पाणी कोंडून ठेवा.

लगेच नवीन बी सोडायचा विचार डोक्यातून काढा. चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेच्या प्रयोगात उन्हात वाळवलेल्या तलावाच्या मातीतही विषाणू १९ दिवस टिकला, आणि ओल्या मातीत ३५ दिवस. पावसाळ्यात तुमचा तळ वाळणार कधी?

कोळंबी_लॅब

वरच्या दादांशी सहमत, पण पीसीआर करूनच खात्री करा. पाण्याची क्षारता जास्त असली किंवा काही जिवाणूंमुळेही कवचावर पांढरे ठिपके येतात. मरायला टेकलेली पण अजून जिवंत असलेली आठ-दहा कोळंबी घ्या. कल्ले आणि पोटाखालचे पोहण्याचे पाय कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. डोळे पाठवू नका, त्यातल्या घटकांमुळे चाचणीत अडथळा येतो. यकृताचा भागही नको, हा विषाणू तिथे वाढत नाही. दोन नंबरचा नमुना वेगळ्या बाटलीत. सीबाचं केंद्र नवसारीला आहे, तुम्हाला चेन्नईपेक्षा ते जवळ. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांनाही आजच लेखी कळवा.

बियाण्याबद्दल: एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगांपासून मुक्त, रोगाला दाद न देणारं नव्हे. निगेटिव्ह बीसुद्धा तलावात येऊन लागण घेतं. खेकड्यांचं कुंपण आहे का? खाडीतली चिंबोरी आणि जंगली कोळंबी हा विषाणू अंगात घेऊन फिरतात, स्वतः न मरता. पाऊस, तापमानातली घट, खारटपणातला बदल यांनी कोळंबी कमजोर झाली की तो उसळतो. पाणी ३२-३३ अंशांच्या वर असेल तर दबून राहतो, २६ ला नाही.

खारकाठ

कुंपण आहे, पण खाडीकडच्या बाजूला जूनच्या वाऱ्यात वीसेक फूट जाळी फाटली होती. बांधून घेऊ म्हणता म्हणता राहिली. आत्ता विजेरी घेऊन बघून आलो, तिथेच बांधावर तीन चिंबोऱ्या बसलेल्या.

दोन नंबर वाचवायला काय करू?

जुना_तलाव

जाळी आज रात्रीच बांधा. दोन नंबरचा गडी वेगळा ठेवा, जाळं, बादली, चेक ट्रे वेगळे. पाणी आत घेणं बंद, एरेटर रात्रभर चालू. खाद्य थोडं कमी करा आणि दर फेरीला ट्रे स्वतः बघा. एक नंबरमध्ये उतरलेला माणूस पाय ब्लीचिंगच्या पाण्यात धुतल्याशिवाय त्या बांधावर चढता कामा नये.

खारकाठ

उघाडीच्या फळ्यांमधल्या फटी चिखलाने लिंपून घेतल्या. चौघांनाही फोन केला, पुढचे पंधरा दिवस कुणी खाडीचं पाणी घेणार नाही असं ठरलं. सोनं गहाण टाकलेला शेजारी स्वतः येऊन जाळी बांधायला बसला. दोन्ही बाटल्या सकाळच्या गाडीने नवसारीला जातायत, ब्लीचिंगच्या नऊ गोणी मिळाल्या, सहा पेणहून यायच्यात. दोन नंबरचा रात्रीचा ट्रे पूर्ण रिकामा होता. अहवाल आला की इथेच टाकतो.