नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी टेलिमेडिसिन उपकेंद्रावर शिकावं की कॉलेजच्या लॅबमध्ये?

कळवा_ट्यूटर: 2021 च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्राला इन्फॉर्मेटिक्सचा (आरोग्यसेवेतल्या माहिती-तंत्रज्ञानाचा) विषय आला, 40 तास थिअरी आणि 40 तास प्रात्यक्षिक. टेलिमेडिसिन त्यातच आहे. तरी बहुतेक विद्यार्थ्यांच्या लेखी टेलिमेडिसिन म्हणजे ‘व्हिडिओ कॉलवरचा डॉक्टर’. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेत स्पोक म्हणजे उपकेंद्र, हब म्हणजे डॉक्टर बसतात ती जागा, एवढंही पक्कं नसतं. उद्या हीच मुलं शहापूर-मुरबाडला सीएचओ (उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून जाणार. माझं म्हणणं, कम्युनिटी पोस्टिंगमध्येच प्रत्येकाच्या हातून किमान दहा कन्सल्टेशन व्हायला हवीत.

ऐरोली_वॉर्ड: कोणाच्या लॉगिनवर? सीएचओच्या आयडीवर विद्यार्थी बसला, तर चुकीची नोंदही सीएचओच्याच नावावर पडते. संमतीचं काय? 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाने स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरतात, पण आरोग्य कर्मचाऱ्याने लावला तर ती स्पष्ट विचारून नोंदवावी लागते. शेजारी विद्यार्थी बसणार आहे, हे त्या आजीबाईंना कोण सांगतं?

आणि आधी बीपी तर नीट येऊ दे. दंडाचा घेर 36 सेंटिमीटर आणि कफ 27 ते 34 चा, की आकडा उगाच वर जातो. हात लोंबकळत ठेवला, पेशंट चालत आला आणि पाच मिनिटं बसवलं नाही, तरी तेच. वॉर्डात शंका आली तर डॉक्टर स्वतः पुन्हा मोजतात. पडद्यापलीकडचा डॉक्टर तुमच्याच आकड्यावर गोळी वाढवतो.

कळवा_ट्यूटर: लॉगिनचं मान्य, तो विचार मी केला नव्हता. आयडी सीएचओचा, तर टायपिंगही सीएचओच करेल. पण तपासणी आणि डॉक्टरांना माहिती सांगणं विद्यार्थ्याने करावं, सीएचओने शेजारी उभं राहून.

शहापूर_फील्ड: त्याआधी लॅबमध्ये दोन खोल्या, दोन फोन घेऊन सराव करून घ्या. कॉल लावण्यापूर्वी पेशंटचा नंबर आणि गाव कागदावर लिहायचं, कारण लाइन तुटतेच. खिडकीचा उजेड तोंडावर हवा, पाठीमागे नको. पिवळ्या बल्बखाली डोळ्यांतली कावीळ दिसत नाही. जखमेचे फोटो दोन, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी सेंटिमीटरची पट्टी, फ्लॅश बंद. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा, गार बोट चोळून गरम करा, आकडा स्थिरावल्यावरच वाचा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, मात्रा आणि वेळ त्यांनाच परत वाचून दाखवायची. ही पायरी सगळ्यात जास्त गळते.

छातीत दुखून घाम फुटलाय किंवा धाप थांबत नाही, अशा वेळी टोकनच्या रांगेत बसवू नका. आधी 108.

ऐरोली_वॉर्ड: हे सगळं पटतं. म्हणूनच लॅब पुरेशी आहे असं माझं मत.

शहापूर_फील्ड: नाही पुरत. लॅबमध्ये मैत्रीण पेशंट होते आणि पुस्तकातली लक्षणं सांगते. पाड्यावरची बाई म्हणते, ‘चक्कर येते.’ मग विचारावं लागतं: घर फिरतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की नुसता अशक्तपणा? तिन्हींचे उपचार वेगळे आणि डॉक्टरांपर्यंत शब्द पोचतो एकच, ‘चक्कर’. तसंच ‘बीपीची पांढरी गोळी’. पाकीट मागून नाव आणि मिलिग्रॅम वाचायचं, हे खऱ्या पेशंटसमोरच अंगवळणी पडतं.

वाशी_फार्मा: एक मुद्दा तिघांकडूनही सुटला. 2020 च्या त्याच मार्गदर्शक सूचनांत औषधांच्या याद्या आहेत. पहिल्या सल्ल्यात ‘ए’ यादीतलं औषध व्हिडिओवरच लिहिता येतं. नेटवर्क गेलं आणि उरलेलं बोलणं फोनवर झालं, की डॉक्टरांचा हात आखडतो. विद्यार्थी समजतात डॉक्टर टाळतायत, आणि पेशंटलाही तसंच सांगतात. ‘सिग्नल आला की परत व्हिडिओ लावू’ असं सांगायला हवं.

ऐरोली_वॉर्ड: बरं, उपकेंद्रावर पाठवा. पण ज्याचं बीपी लॅबमध्ये तपासून पास झालंय त्यालाच, आणि दहाचा कोटा नको. कोटा लागला की दहा सर्दी-खोकले होतात.

कळवा_ट्यूटर: कोटा सोडते. मग तीनच, पण त्यात एक गरोदर बाई आणि एक मधुमेहाचा फॉलोअप हवाच.