थांब्याची जागा कुणी ठरवली?

"रस्ता ओलांडताना बघायला नको का?" असं म्हणून बसथांब्याजवळच्या अपघाताचा दोष चालणाऱ्यावरच टाकणं मला पटत नाही. सांगलीत आमची आई वळणावरच्या थांब्यावर उतरली. बसच्या पुढून पलीकडे निघाली आणि दुचाकीने उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. पंचनाम्यात थांब्याचा उल्लेखसुद्धा नाही!

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार वाहनं उभी राहण्याच्या जागा शासन किंवा त्याने नेमलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवतो. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८-अ आलं: रस्त्याच्या रचनेतल्या त्रुटीने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड. तो दंड मोटार वाहन अपघात निधीत जातो, जखमीच्या हाती नाही. भरपाईचा दावा वेगळा, आणि कायद्यात मुदत फक्त ६ महिन्यांची. म्हणून थांब्याचे, वळणाचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.